नेट तर चालू आहे ना?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पप्पांनी कारखान्यात सीसीटीव्ही बसवला. कारखाना म्हणजे शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि तीन कामगार मावतील एवढी जागा. कॅमेरे बसवणारा मुलगा सकाळी आला आणि दुपारपर्यंत चार कॅमेरे, डीव्हीआर, वायरिंग सगळं करून मोकळा झाला. तिथल्या टीव्हीवर चित्र एकदम स्वच्छ. पप्पांची एकच इच्छा होती. रात्री जेवण झाल्यावर मंगळवार पेठेत घरी बसून मोबाइलवर कारखाना एकदा बघता यावा.

ते काही जमेना. पोरगं तासभर राउटरशी झटलं आणि म्हणालं, “काका, ह्या नेटवर नाही व्हायचं. स्टॅटिक आयपी घ्यायला लागंल. त्याचं महिन्याचं भाडं वेगळं.”

पप्पा माझ्याकडे वळले. “तू घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतीस. सर्व्हर कुठं म्हटलं तर मुंबईत म्हणतीस. आणि उद्यमनगरातलं आपलंच दुकान आपल्याला दिसंना व्हय?”

मी कारखान्यात जाऊन राउटर उघडला. त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० या आकड्यानं सुरू होत होता आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला होता. आमच्या धंद्यातल्या माणसाला एवढं पुरतं. असा पत्ता बाहेरच्या इंटरनेटवर कुणालाच दिसत नाही. मग तिथंच उभं राहून मोबाइलचा डेटा चालू केला आणि फोनचा पत्ता बघितला. तो २४०९ नं सुरू होणारा, आठ गटांचा, लांबलचक आणि जगात एकमेव. एकाच खोलीत दोन जोडण्या होत्या. एकीला स्वतःचा पत्ता होता, दुसरीला नव्हता.

ब्रॉडबँडवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन लावला. आयपीव्ही सिक्स देता का, एवढंच विचारलं. पलीकडच्या मुलीनं दोन वेळा होल्डवर ठेवलं आणि शेवटी अगदी नम्रपणे विचारलं, “मॅडम, नेट तर चालू आहे ना?”

नेट चालूच होतं, त्यामुळे मला काही बोलता येईना. गंमत अशी, की त्याच आठवड्यात मी एक आलेख बघितला होता. नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते कोणत्या देशात किती वापरले जातात, याचा. त्यात भारत फ्रान्स आणि जर्मनीच्या बरोबरीनं पहिल्या रांगेत होता, सत्तर टक्क्यांच्या वर. अमेरिका मागे, चीन मागे. मग उद्यमनगर कुठं होतं? दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर त्या एकत्र कशा बसतात, हे शोधायला मी बसले आणि गोष्ट बरीच मागे गेली.

बी वॉर्ड, मंगळवार पेठ

आमच्या घराचा पत्ता जुन्या पद्धतीनं लिहायचा तर आधी घर नंबर, मग बी वॉर्ड, मग मंगळवार पेठ, कोल्हापूर ४१६०१२. शिवाजी पेठ ए वॉर्डात, शाहूपुरी-राजारामपुरी ई वॉर्डात. कोल्हापूरकराला यातलं प्रत्येक अक्षर काहीतरी सांगतं.

शेवटचे सहा आकडे म्हणजे पिन कोड. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्यामागचा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. देशात एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहिण्याच्या भाषा अनेक, त्यात पत्रं चुकायची. वेलणकरांची पद्धत साधी होती. डावीकडून वाचत जा, प्रत्येक आकड्याला जागा लहान होत जाते. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेशाचा पट्टा. ४१६ म्हणजे कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गाकडचा भाग. शेवटचे तीन आकडे म्हणजे नेमकं टपाल कार्यालय. दिल्लीतल्या माणसाला मंगळवार पेठ माहीत असायची गरज नाही. त्यानं पहिला आकडा बघून पोतं योग्य गाडीत टाकलं की झालं.

इंटरनेटचा पत्ता याच कल्पनेवर चालतो. डावीकडचा भाग बघून मधली यंत्रं माहितीचं पाकीट योग्य दिशेला ढकलतात, नेमकं घर शेवटची यंत्रं शोधतात. फरक एवढाच, की पिन कोड टपाल कार्यालयापाशी थांबतो. इंटरनेटचा पत्ता प्रत्येक उपकरणाला वेगळा असावा अशी मूळ कल्पना होती.

आज ज्याला आयपीव्ही फोर म्हणतात त्याचा आराखडा सप्टेंबर १९८१ मध्ये पक्का झाला. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. सुमारे ४२९ कोटी. तेव्हा अमेरिकेच्या त्या संशोधन नेटवर्कवर जेमतेम दोनशे संगणक होते, त्यामुळे हा आकडा कुणालाच कमी वाटला नाही. ज्यांनी तो ठरवला त्यांतले व्हिंट सर्फ नंतर अनेकदा सांगत आले, की तो एका प्रयोगासाठी ठरवला होता. प्रयोग संपलाच नाही, तोच इंटरनेट झाला.

पत्ते वाटलेही तसेच, हात सैल सोडून. एमआयटी या एका संस्थेला १ कोटी ६७ लाख पत्ते मिळाले. फोर्ड मोटर कंपनीला तेवढेच, अॅपललाही तेवढेच. मागितले आणि दिले. त्यात कुणाचा डाव नव्हता. रिकाम्या माळावर पहिल्यांदा आलेले लोक प्लॉट मोठेच पाडतात.

आपण त्या माळावर उशिरा पोहोचलो. संशोधन संस्थांमध्ये इंटरनेट आधी आलं होतं, पण सामान्य माणसासाठी विदेश संचार निगमनं ते सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर चांगले प्लॉट गेले होते. आज अमेरिकेच्या नावावर दीडशे कोटींहून जास्त जुने पत्ते आहेत, म्हणजे माणशी चारापेक्षा अधिक. भारताच्या नावावर चार कोटींच्या आसपास. म्हणजे एका पत्त्यामागे तीसेक माणसं.

वाड्याचा एकच नंबर

पत्ते पुरणार नाहीत हे १९९० नंतर लगेच दिसायला लागलं होतं. त्यावर १९९४ मध्ये एक तात्पुरता उपाय पुढे आला, नॅट नावाचा. तो समजायला आमच्या पेठेतला जुना वाडा डोळ्यासमोर आणा. दारावर नंबर एक आणि आत दहा बिऱ्हाडं. आतल्या कुणी पत्र पाठवलं तर मालक वहीत लिहून ठेवतो, की हे तिसऱ्या खोलीतल्यांचं. उत्तर आलं की वही बघून तिकडे देतो. बाहेरच्या जगाला फक्त वाड्याचा नंबर माहीत.

तुमच्या घरातला वायफाय राउटर हाच मालक आहे. घरातल्या सगळ्या फोनना तो १९२.१६८ नं सुरू होणारे आतले नंबर देतो. हेच नंबर शेजाऱ्याच्या घरातही असतात आणि त्यानं काही बिघडत नाही, कारण ते दाराबाहेर जातच नाहीत.

पण पत्ते आणखी आटले, तेव्हा सेवा देणाऱ्या कंपन्यांनी हीच युक्ती एक मजला वर नेली. आता एका वाड्याला नव्हे, तर अख्ख्या गल्लीला किंवा पेठेला मिळून एक नंबर. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते मुद्दाम बाजूला काढले गेले. उद्यमनगरातल्या राउटरवर मला दिसला तो त्यातलाच.

वाड्याची ही पद्धत आतून बाहेर जाणाऱ्या पत्राला उत्तम चालते. रील बघा, पैसे पाठवा, मीटिंग करा, सगळं चालतं, कारण प्रत्येक वेळी सुरुवात तुम्ही करता आणि वहीत नोंद होते. अडतं ते बाहेरून कुणी आपणहून आलं की. वहीत त्याची नोंद नाही, मग मालकानं ते कुणाकडे पाठवायचं? पप्पांचा मोबाइल रात्री साडेनऊला कारखान्याच्या दारावर जाऊन थाप मारत होता आणि दार होतं सगळ्या गल्लीचं.

आणखी एक त्रास असतो, तो लक्षात येत नाही. गल्लीतल्या एकानं आगाऊपणा केला तर शिक्षा सगळ्यांना. एकाच पत्त्यावरून फार विनंत्या येतायत असं एखाद्या वेबसाइटला वाटलं, की ती तो पत्ताच अडवते. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सारखं सारखं ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखायला लावतात ना, त्यामागचं एक कारण हेही असतं. पोलिसांचीही अडचण होते. बेल्जियममध्ये तर कंपन्यांनी मान्य केलं, की एका पत्त्यामागे सोळांपेक्षा जास्त ग्राहक ठेवायचे नाहीत, म्हणजे गुन्हा घडला तर माणूस शोधता येईल. या मर्यादेमुळे त्यांना नव्या पत्त्यांकडे लवकर वळावं लागलं आणि छोटा बेल्जियम काही वर्षं या यादीत जगात पहिला राहिला.

चार आणे आणि पंचवीस पैसे

नवा पत्ता, म्हणजे आयपीव्ही सिक्स, याचा पहिला आराखडा डिसेंबर १९९५ चा. आपल्याकडे लोकांना इंटरनेट मिळालं त्यानंतर चारच महिन्यांनी जुन्या पत्त्याचा वारस कागदावर तयार होता. पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्यं. टंचाई हा विषयच संपतो.

मग तीस वर्षं लागायचं कारण काय? कारण नवा पत्ता जुन्याला कळत नाही. फक्त जुनी भाषा येणारं यंत्र फक्त नवी येणाऱ्या यंत्राशी थेट बोलू शकत नाही. १ जानेवारी १९८३ ला त्या जुन्या संशोधन नेटवर्कनं एका दिवसात आपली पद्धत बदलली होती, पण तेव्हा काही शे संगणक होते. आता एका रात्रीत जग बंद ठेवून बदल करणं कुणाला शक्य नाही. त्यामुळे दोन्ही भाषा बराच काळ शेजारी शेजारी चालवायच्या, असं ठरलं.

माझी आजी अजून पंचवीस पैशांना चार आणे म्हणते. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नया पैशांचा झाला. जुनी नाणी लगेच रद्द झाली नाहीत, काही वर्षं दोन्ही खिशात खुळखुळत होती आणि दुकानदाराला दोन्ही हिशेब यावे लागत. पण तिथं मागे सरकार होतं. जुनी नाणी कधी ना कधी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. इंटरनेटला असं सरकार नाही. ज्याच्याकडे जुने पत्ते भरपूर आहेत त्याला नव्यासाठी खर्च करायची घाई नाही. आणि ज्याच्याकडे फक्त नवे आहेत त्याला जुन्यांशी बोलायची सोय स्वतःच्या खर्चानं करावी लागते.

मोजायचं कसं

एवढं पसरलेलं काही बदलतंय की नाही, हे कळायला मोजावं लागतं. इथं पहिली अडचण अशी, की काय मोजायचं?

कोणत्या देशानं किती नवे पत्ते घेतले ते मोजता येतं. पण ते जमिनीचे सातबारे मोजण्यासारखं झालं. जमीन नावावर आहे, पेरलंय का ते कळत नाही. किती वेबसाइट नव्या पत्त्यावर आहेत ते मोजता येतं, पण त्यातून माणसं कळत नाहीत. किती वाहतूक नव्या पत्त्यावरून जाते ते मोजावं, तर व्हिडिओ बघणारी दोन-चार मोठी ठिकाणंच सगळा आकडा ठरवतात.

माणसांपासून सुरुवात केली ती गूगलच्या इंजिनिअरांनी, २००८ मध्ये. शोधायला आलेल्या लोकांपैकी काहींच्या ब्राउझरला ते गुपचूप एक छोटं काम द्यायचे. एक वस्तू आणायची, जी दोन्ही प्रकारच्या पत्त्यांवर आहे. ती नव्या पत्त्यावरून आणली तर या माणसाकडे नवी सोय आहे. निकाल लागला तेव्हा जगभरातला आकडा पाव टक्क्याच्याही आत होता. पहिल्या देशांत रशिया आणि फ्रान्स होते आणि तेही एका टक्क्याच्या आतच. फ्रान्स तिथं कसा आला? फ्री नावाच्या एका कंपनीनं २००७ च्या शेवटी काही आठवड्यांत आपल्या ग्राहकांना नवे पत्ते देऊन टाकले होते. देशाचा आकडा म्हणजे पुष्कळदा एका कंपनीचा निर्णय असतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

त्या मोजणीत एक भीतीही होती. काहींच्या संगणकाला वाटायचं, की आपल्याकडे नवी सोय आहे. प्रत्यक्षात ती मोडलेली असायची. अशा माणसाला वेबसाइट उघडायला खूप वेळ लागायचा आणि तो नाव त्या वेबसाइटलाच ठेवायचा. म्हणून मोठ्या कंपन्या दार उघडायला घाबरत होत्या. शेवटी ८ जून २०११ ला सगळ्यांनी मिळून एक दिवस ते उघडून पाहिलं. आकाश कोसळलं नाही. ६ जून २०१२ पासून अनेकांनी ते कायमचं उघडं ठेवलं. ब्राउझरही शहाणे झाले. आता ते दोन्ही दारं वाजवतात, आधी नवं आणि क्षणभरानं जुनं. जे उघडेल त्यातून आत. त्यामुळे तुम्ही आत्ता कोणत्या दारानं आलात, हे तुम्हाला कळतच नाही.

दुसरी पद्धत मला फारच आवडते. आशिया आणि पॅसिफिक भागात पत्ते वाटणारी संस्था म्हणजे एपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तिथले जेफ ह्यूस्टन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हे मोजतायत, आणि त्यासाठी ते जाहिराती विकत घेतात. ऑनलाइन जाहिरातीत छोटा प्रोग्रॅम टाकता येतो. जाहिरात दिसली की तुमचा ब्राउझर ठिपक्याएवढ्या काही वस्तू आणायला जातो. एक फक्त जुन्या पत्त्यावर ठेवलेली, एक फक्त नव्या, एक दोन्हीकडे. कोणती आली, कोणती नाही, यावरून नोंद होते. तुम्ही क्लिक करायची गरज नाही, उलट न केलेलंच बरं, कारण क्लिकला पैसे जास्त पडतात. मग तो पत्ता कोणत्या देशातला ते बघायचं आणि त्या देशात इंटरनेट वापरणारे किती आहेत त्या प्रमाणात वजन द्यायचं. म्हणजे एखाद्या दुपारी खासबागेजवळ कुणी फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत असताना त्याची नोंद ब्रिस्बेनच्या तक्त्यात झालेली असू शकते.

दोन्ही पद्धतींना मर्यादा आहेत. चीनमध्ये गूगल चालत नाही, त्यामुळे तिथला आकडा जपून वाचावा लागतो. पण गूगलच्या आलेखात एक नक्षी आहे, ती खोटी वाटत नाही. तो करवतीसारखा दातेरी आहे. दर शनिवार-रविवारी वर जातो आणि सोमवारी खाली येतो. कारण घरात आणि मोबाइलवर नवी सोय आली, ऑफिसांत आली नाही. मार्च २०२० नंतर लोक घरी बसले, तेव्हा ते दातेच बोथट झाले.

माझा ठिपका

आता भारत. कागदावर आपण फार लवकर जागे झालो होतो. २००४ च्या केंद्र सरकारच्या दहा कलमी कार्यक्रमात २००६ पर्यंत नव्या पत्त्यांकडे जायचं होतं. ते झालं नाही. जुलै २०१० मध्ये दूरसंचार विभागानं राष्ट्रीय आराखडा काढला. मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर २०११ पर्यंत आणि सरकारी खात्यांनी मार्च २०१२ पर्यंत तयार व्हायचं. मार्च २०१३ मध्ये दुसरा आराखडा आला. आलेखात भारताची रेघ या सगळ्या काळात जमिनीला चिकटलेली आहे.

दरम्यान खरी निकड दुसरीकडून आली. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मुख्य कोठारातले जुन्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले. १५ एप्रिल २०११ ला एपनिक शेवटच्या गठ्ठ्यावर आली आणि तिनं नियम केला, की यापुढे एका सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. अशा वेळी एखाद्याला कोट्यवधी ग्राहकांचं नेटवर्क नव्यानं उभं करायचं असेल तर?

५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओ सुरू झालं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. महाद्वार रोडला सिमसाठी रांग लागली होती. मी चुलतभावाबरोबर दीड तास उभी राहिले, आधारकार्डाची झेरॉक्स हातात धरून. नेट फुकट होतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. जिओकडे जुनं नेटवर्क नव्हतं, सांभाळायची जुनी यंत्रं नव्हती आणि जुने पत्ते पुरेसे मिळणारही नव्हते. त्यांनी पहिल्यापासून नवे पत्ते दिले. १७० दिवसांत दहा कोटी लोक आले. आलेखात भारताची रेघ तिथून भिंतीसारखी उभी राहते आणि त्या भिंतीत एक ठिपका माझा आहे. मागून दुसऱ्या मोबाइल कंपन्याही आल्या.

मग सरकारचे आराखडे फुकट गेले का? मला आधी तसंच लिहायचं होतं. पण दुसऱ्या आराखड्यातलं एक कलम वाचलं आणि थांबले. ३० जून २०१४ नंतर देशात विकला जाणारा डेटा चालणारा प्रत्येक मोबाइल नवा पत्ता समजणारा असला पाहिजे, असं ते कलम होतं. २०१६ मध्ये रांगेत उभ्या असलेल्या आमच्या फोनना नवी भाषा येत होती. सिमनं फक्त बोलायला सुरुवात केली. बी पेरणारा आणि पाऊस पाडणारा वेगळे असू शकतात.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आपण पुढे गेलो ते दूरदृष्टीपेक्षा टंचाईमुळे. ज्यांच्याकडे प्लॉट होते ते बसून राहिले, आपल्याकडे नव्हते म्हणून आपण नव्या वसाहतीत गेलो. यात कमीपणा काही नाही. पण “जगात पुढे” असं वाचून छाती फुगवायच्या आधी हे कारण माहीत असावं.

सरासरीच्या आत

आणि आता उद्यमनगर. २०२४ मध्ये देशात मोबाइलवर ब्रॉडबँड वापरणारे नव्वद कोटींच्या आसपास होते, तारेची जोडणी असलेले चार कोटींच्या आसपास. अशा बेरजेत मोबाइल म्हणतो तेच देश म्हणतो. तारेवरचे मोठे खेळाडू नवे पत्ते देतात, पण गल्लीगल्लीतल्या अनेक छोट्या कंपन्यांनी ते अजून दिलेले नाहीत. त्यांचं सगळं नेट बंद असलं तरी देशाचा टक्का फारसा हलणार नाही. पप्पांचा कारखाना, शेजारचं फाउंड्रीचं ऑफिस, कोपऱ्यावरचं सायबर कॅफे या सरासरीत नाहीसे होतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ही मोजणी विचारते, की तुम्ही नव्या पत्त्यावरून वस्तू आणू शकता का? तुमच्यापर्यंत कुणी येऊ शकतं का, हे ती विचारत नाही. माझ्या फोनला जगात एकमेव पत्ता आहे, पण बहुतेक मोबाइल नेटवर्कं सुरक्षेसाठी बाहेरून आपणहून आलेलं काही आत सोडत नाहीत. फोनच्या बाबतीत ते बरंच आहे. पण म्हणजे सत्तर टक्क्यांतला मोठा भाग घेणाऱ्यांचा आहे. आपल्या जागेतून काही चालवायचं, एखादा छोटा सर्व्हर, एखादा कॅमेरा, शेतातल्या मोटारीचं स्विच, तर त्यासाठी तारेवरचा उघडा पत्ता लागतो आणि तिथंच आपण कच्चे आहोत.

त्याची किंमत मला ऑफिसच्या कामात दिसते. १ फेब्रुवारी २०२४ पासून अॅमेझॉन आपल्या क्लाउडवर प्रत्येक जुन्या सार्वजनिक पत्त्याला तासाला अर्धा सेंट घेतं, महिन्याला साडेतीन डॉलरहून थोडे जास्त. नव्या पत्त्याला हे भाडं नाही. एमआयटीला एकेकाळी सहज मिळालेल्या त्या पावणेदोन कोटींतला मोठा हिस्सा २०१७ मध्ये अॅमेझॉननंच विकत घेतला. माळावर आधी आलेल्यांच्या प्लॉटचं भाडं आता नंतर आलेले भरतात.

पप्पांनी स्टॅटिक आयपीचं वर्षाचं भाडं ऐकलं आणि एका कामगाराच्या दिवाळीच्या बोनसशी मनातल्या मनात तुलना केली. नको म्हणाले. शेवटी डीव्हीआरवाल्या कंपनीचं स्वतःचं अॅप घातलं. त्यात कारखान्याची पेटी आपणहून कंपनीच्या कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला जाऊन जोडून राहते आणि पप्पांचा फोनही तिथंच जातो. दोघंही आतून बाहेर जातात, म्हणून वाड्याच्या मालकाची हरकत नाही. उद्यमनगरातून निघालेलं चित्र कुठं फिरून दोन-अडीच किलोमीटरवर आमच्या घरी येतं, ते चित्र मध्ये कोण बघू शकतं, ती कंपनी उद्या बंद पडली तर काय, यातलं काहीच आमच्या हातात नाही.

“दिसतंय की आता,” पप्पा म्हणाले. लेथवर झाकलेलं कापड, खाली सांडलेला लोखंडाचा किस, कोपऱ्यात झोपलेली मांजर. खरंच सगळं दिसत होतं.

मी मात्र ब्रॉडबँडवाल्यांना पुन्हा फोन केला. या वेळी तक्रार नोंदवायला लावली. दोन दिवसांनी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. कारण लिहिलं होतं, की जोडणी सुरळीत चालू आहे. आता मे महिन्यात वर्षाचा प्लॅन संपतोय आणि नूतनीकरणासाठी त्यांचाच फोन येईल. मी पप्पांना सांगून ठेवलंय, की स्पीड किती आणि पैसे किती हे नंतर. आधी त्यांना विचारा, व्ही सिक्स देता का. त्यांनी ते कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलंय.